दाटीवाटीतले हरितद्रव्य

पालकाची मूठभर पाने खलबत्त्यात कुटावी, त्यात सर्जिकल स्पिरिट घालून ढवळावे, फडक्यातून गाळावे आणि त्या गडद हिरव्या द्रवावर नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चचा झोत टाकावा. हिरवा द्रव लालभडक उजळतो. एडिंबऱ्याच्या डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८३३ मध्ये लॉरेलच्या पानांच्या अल्कोहोलमधल्या अर्कात हीच झळाळी सूर्यप्रकाशाच्या झोतात पाहिली आणि नोंदवून ठेवली. आज तिला फ्लुओरेसन्स म्हणतात. आता त्याच द्रवात थोडे थोडे पाणी ओतत जावे. रंग हिरवाच राहतो, जरा गढूळतो, पण झळाळी मंदावत जाऊन जवळजवळ विझते. क्लोरोफिलचे, म्हणजे हरितद्रव्याचे, रेणू तर शाबूत असतात. त्यांच्या लांब तेलकट शेपटांना पाणी सोसत नाही म्हणून ते एकमेकांना बिलगतात, त्यांचे गठ्ठे होतात, आणि गठ्ठ्यातला रेणू शोषलेला प्रकाश परत देत नाही.

खरा पेच यापुढचा आहे. हिरव्या पानातल्या पटलांमध्ये हरितद्रव्याची दाटी लिटरला ०.१ मोल किंवा त्याहूनही जास्त असते. एवढे रेणू समान अंतरावर पसरले आहेत असे धरले, तरी दोन शेजाऱ्यांत जेमतेम अडीच नॅनोमीटर उरतात. साध्या द्रावणात इतकी दाटी केली तर झळाळीचा मागमूस राहत नाही, सगळी ऊर्जा उष्णता होऊन जाते. पानात मात्र हिशेब उलटा लागतो. प्रकाश कामी लावणाऱ्या पानातल्या दोन प्रथिन-यंत्रणांपैकी प्रकाशप्रणाली १ मध्ये शोषलेला जवळजवळ प्रत्येक फोटॉन कामी येतो. प्रकाशप्रणाली २ चा आकडा ब्यर्कमन आणि डेमिग यांनी १९८७ मध्ये अनेक जातींच्या निरोगी पानांवर मोजला, तो ०.८३ च्या आसपास भरला. म्हणजे शंभरातले सुमारे ८३ फोटॉन सत्कारणी लागतात. दाटी तीच, पण बाटलीत ती ऊर्जा बुडवते आणि पानात पोहोचवते. असे का होते, या प्रश्नावर गेल्या नव्वद वर्षांत काय हाती लागले त्याचा हा आढावा.

आधी एकट्या रेणूचे पाहू. ईथरमध्ये विरळ विरघळवलेले क्लोरोफिल ए निळा प्रकाश ४३० नॅनोमीटरच्या आसपास आणि तांबडा ६६२ च्या आसपास शोषते. निळा फोटॉन गिळला तरी जास्तीची ऊर्जा निमिषार्धात झडते आणि रेणू सर्वांत खालच्या उत्तेजित अवस्थेत येऊन थांबतो. तिथे तो सरासरी सहा नॅनोसेकंद राहतो. शंभर उत्तेजित रेणूंपैकी तिसेक तांबडा प्रकाश फेकून मोकळे होतात, साठाहून अधिक ट्रिप्लेट नावाच्या दुसऱ्या, लांब टिकणाऱ्या अवस्थेत घसरतात, उरलेले उष्णता देऊन शांत होतात. धोक्याची आहे ती ट्रिप्लेट अवस्था. तिच्यातला रेणू आपली ऊर्जा ऑक्सिजनला देतो आणि तयार होणारा सिंग्लेट ऑक्सिजन आजूबाजूची चरबी, प्रथिने, खुद्द हरितद्रव्य, जे हाती लागेल ते जाळत सुटतो. दिवसभर उन्हात बसून ऑक्सिजन तयार करणाऱ्या पानाला हा विस्तवाशी खेळ आहे.

शेजाराचा परिणाम किती असतो, हे रंगावरूनही कळते. डेन्मार्कमधल्या आऱ्हूसच्या गटाने २०१५ मध्ये क्लोरोफिल ए द्रावकाशिवाय, निर्वात जागेत मोजले. तिथे त्याची तांबडी शोषणरेषा ६४२ नॅनोमीटरला आली. ईथरमध्ये ती ६६२ ला असते, पानात ६७५ ते ६८० च्या घरात, आणि प्रकाशप्रणाली १ मधले काही रेणू तर ७०० च्याही पलीकडचा प्रकाश घेतात. रेणू रासायनिकदृष्ट्या एकच, शेजार वेगळा. जिवंत पेशीत क्लोरोफिल ए एकाहून अधिक रूपांत असते आणि त्या रूपांची कामे वेगळी आहेत, हे सांगणाऱ्यांत एक नाव आपल्याकडचे आहे. गोविंदजी १९५६ मध्ये अलाहाबादहून अमेरिकेत अर्बाना इथे रॉबर्ट इमर्सन यांच्याकडे शिकायला गेले. १९५९ मध्ये इमर्सन विमान अपघातात गेले, तेव्हा यूजीन राबिनोविच यांनी गोविंदजींना पुढे मार्गदर्शन केले आणि १९६० मध्ये दोघांचा या विषयावरचा लेख ‘सायन्स’मध्ये आला.

इमर्सन यांचे स्वतःचे काम तर या साऱ्या विषयाचा पायाच. १९३२ मध्ये त्यांनी आणि विल्यम अर्नोल्ड यांनी क्लोरेला शेवाळावर प्रखर प्रकाशाचे क्षणिक झोत टाकले आणि एका झोतामागे किती ऑक्सिजन सुटतो ते मोजले. ऑक्सिजनच्या एका रेणूमागे हरितद्रव्याचे सुमारे अडीच हजार रेणू, असा हिशेब निघाला. तेव्हा तो पुष्कळांना पटेना. पण अर्थ स्पष्ट होता. बहुतेक हरितद्रव्य रसायन करतच नाही, ते फक्त प्रकाश गोळा करून मोजक्या केंद्रांकडे सरकवते. कसे सरकवते, याचे उत्तर टेओडोर फर्स्टर यांनी १९४६ ते १९४८ मध्ये दिले. दोन रेणू एकमेकांना न शिवताही उत्तेजना एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते आणि तिचा वेग अंतराच्या सहाव्या घाताने घटतो. अंतर दुप्पट झाले की वेग चौसष्टपट कमी. म्हणूनच झाडाला दाटी परवडत नाही असे नाही, उलट दाटीवाचून त्याचे भागत नाही.

मग द्रावणात घोटाळा कुठे होतो? वॉटसन आणि लिव्हिंगस्टन यांनी १९५० मध्ये दाखवले की द्रावण दाट करत गेले की एका टप्प्यानंतर झळाळी झपाट्याने पडते. लिव्हिंगस्टन यांच्याच गटाची १९४९ ची दुसरी नोंद मला जास्त बोलकी वाटते. अगदी कोरड्या हायड्रोकार्बन द्रावकात क्लोरोफिल जवळजवळ चमकतच नाही, त्यात पाण्याचा किंवा अल्कोहोलचा अंश घातला की चमकू लागते. स्पिरिटच्या अर्कात पाणी घातले की झळाळी विझते आणि इथे पाण्याने पेटते! दोन्हींचा खुलासा एकच. क्लोरोफिलच्या मधोमध मॅग्नेशियम असते आणि त्याला आणखी एक हात धरायला हवा असतो. कोरड्या द्रावकात दुसरे कोणी नसते, म्हणून ते शेजारच्या क्लोरोफिलच्या कार्बोनिल गटाला धरते आणि जोड्या, साखळ्या बनतात. पाण्याचा एखादा रेणू आला की तो ती जागा घेतो आणि जोडी सुटते. पाणी उदंड झाले की शेपटे घाबरतात आणि वेगळ्याच कारणाने पुन्हा गठ्ठे होतात.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये गॉडफ्री बेडर्ड आणि जॉर्ज पोर्टर यांनी १९७६ मध्ये या सगळ्याला एक साधे चित्र दिले. दाट द्रावणात काही रेणू निव्वळ योगायोगाने एकमेकांच्या १ नॅनोमीटरच्या आत येतात. अशी प्रत्येक आकस्मिक जोडी म्हणजे एक सापळा. उत्तेजना रेणूवरून रेणूवर उड्या मारत फिरते, आणि दाटी जितकी जास्त तितक्या उड्या जलद, तितकी सापळ्याशी गाठ लवकर. मूठभर जोड्या साऱ्या द्रावणाची झळाळी बुडवू शकतात, ते यामुळे. पानात प्रथिने रेणूंना धरून ठेवतात आणि अशा बेशिस्त जोड्या होऊच देत नाहीत, हा त्यांचा निष्कर्ष. पाठ्यपुस्तकांत तो अजून तसाच छापला जातो.

त्यातला अर्धा भाग आता दुरुस्त करायला हवा. पानातले मुख्य प्रकाशवेचे प्रथिन, एलएचसी-२, त्याची रचना बीजिंगच्या गटाने पालकापासून काढून २००४ मध्ये बारकाईने मांडली. एका घटकात क्लोरोफिल ए चे ८ रेणू, बी चे ६ आणि ४ कॅरोटिनॉइड. तीन घटकांच्या त्रिकुटात क्लोरोफिलचे ४२ रेणू. शेजाऱ्यांतले अंतर कित्येक ठिकाणी १ नॅनोमीटरच्या आसपासच. तरीही साबणासारख्या द्रव्यात सुटे ठेवलेले हे त्रिकूट सुमारे चार नॅनोसेकंद उत्तेजित राहते. कोबी-मोहरीच्या कुळातल्या वनस्पतींत पाण्यात विरघळणारे एक प्रथिन आहे, त्याची गोष्ट तर आणखी सरळ. त्यात क्लोरोफिलच्या दोन जोड्या बसलेल्या असतात, कॅरोटिनॉइड एकही नाही, जोड्यांतली वलये एकमेकांवर आलेली, आणि तरी उत्तेजित अवस्था काही नॅनोसेकंद टिकते. म्हणजे जोडी झाली की ऊर्जा बुडाली, हे खरे नाही. ऊर्जा बुडवते ती विशिष्ट अंतराची, विशिष्ट कोनातली जोडी. ‘क्लोरोफिल गठ्ठ्यात गेले म्हणून विझले’ असे वाक्य शोधनिबंधात दिसले की कोणत्या प्रकारचा गठ्ठा, असे विचारावे. बहुधा उत्तर दिलेले नसते.

कोनाला इतके महत्त्व का, हे तंबोऱ्यावरून समजते. जोडीच्या दोन तारा एका सुरात लागल्या की एक छेडल्यावर दुसरी आपोआप बोलते. मग कंपन अमुक तारेचे असे म्हणता येत नाही, ते दोघींचे असते. जवळ आलेल्या दोन क्लोरोफिलची उत्तेजनाही अशीच दोघांत वाटली जाते. तिला एक्सायटॉन म्हणतात. वाटली गेली की तिच्या दोन पातळ्या होतात, एक वर, एक खाली. रेणू समोरासमोर, एकमेकांवर रचलेले असतील तर प्रकाश शोषण्याचे बळ वरच्या पातळीला मिळते, खालची अंधारी राहते आणि तिथे उतरलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडू शकत नाही. रेणू एकामागे एक, टोकाला टोक लावून असतील तर बळ खालच्या पातळीला जाते. शोषण तांबड्याकडे सरकते, चमक टिकते, कधी वाढतेही. मायकल काशा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात हे गणित मांडले. मात्र इतके जवळ आल्यावर तिसरीही शक्यता उघडते. एक इलेक्ट्रॉन एकावरून दुसऱ्यावर सरकतो आणि जोडी क्षणभर धन-ऋण अशी होते. अशी अवस्था बहुधा उष्णता देऊन मिटते. तिच्याआधी इलेक्ट्रॉन उचलायला पुढे कोणी उभे असेल, तर तेच प्रकाशसंश्लेषणाचे पहिले पाऊल ठरते.

त्या पहिल्या पावलाची जोडी शोधण्याचा मान शिकागोजवळच्या आर्गॉन प्रयोगशाळेतल्या जोसेफ कॅट्झ यांच्या गटाला जातो. क्लोरोफिलच्या गठ्ठ्यांचे रसायन त्यांनी वर्षानुवर्षे तपासले होते, जड पाण्यात शेवाळे वाढवून त्यातल्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम बसवण्यापर्यंत. १९७१ मध्ये जेम्स नॉरिस आणि कॅट्झ यांनी दाखवले की अभिक्रिया केंद्रातून इलेक्ट्रॉन गेल्यावर उरणारा चुंबकीय संकेत एकट्या क्लोरोफिलच्या संकेतापेक्षा २ च्या वर्गमूळाइतका अरुंद आहे. एकटा इलेक्ट्रॉन दोन रेणूंत समान वाटला गेला, तर नेमके हेच व्हायला हवे. ‘स्पेशल पेअर’ ही कल्पना इथून आली. डायझेनहोफर, हुबर आणि मिशेल यांनी १९८० च्या दशकात जांभळ्या जीवाणूच्या केंद्राची स्फटिकरचना सोडवली तेव्हा ती जोडी डोळ्यांसमोर आली आणि १९८८ चे नोबेल त्यांना मिळाले. गंमत पुढे आहे. प्रकाशप्रणाली १ च्या ज्या केंद्रावर नॉरिस-कॅट्झ यांचा युक्तिवाद टेकला होता, तिथली जोडी २००१ च्या रचनेत दिसली खरी, पण तिचे दोन रेणू हुबेहूब सारखे नाहीत आणि न जुळलेला इलेक्ट्रॉन बराचसा एकाच बाजूला राहतो. युक्तिवाद लंगडा निघाला, जोडी मात्र खरी ठरली. विज्ञानात असे होते, आणि त्याचे कुणाला वाईट वाटू नये.

गठ्ठा हाच व्यवसाय करणारे जीव पाहायचे तर हिरव्या गंधक जीवाणूंकडे जावे लागते. प्रकाश अगदी तुटपुंजा असतो तिथे ते राहतात. काळ्या समुद्रात सुमारे शंभर मीटर खोलीवर त्यांची वस्ती आहे, आणि खोल समुद्रतळावरच्या उष्ण झऱ्यापाशीही २००५ मध्ये एक जात नोंदवली गेली. त्यांच्या पेशीत क्लोरोसोम नावाच्या चपट्या पिशव्या असतात, शंभर-दोनशे नॅनोमीटर लांब, आणि एकेकीत जीवाणू-क्लोरोफिलचे दोन लाखांपर्यंत रेणू. त्यांना जागेवर धरायला आत प्रथिनांचा सांगाडा नाही. एका रेणूचा हायड्रॉक्सिल गट दुसऱ्याच्या मॅग्नेशियमला धरतो, त्याचाच हायड्रोजन तिसऱ्याच्या कार्बोनिलला, आणि थरावर थर चढत जातात. सुटा असताना ६६५ च्या आसपास शोषणारा रेणू या रचनेत ७४० ते ७५० पर्यंत सरकतो. त्यातली नेमकी मांडणी उघडायला २००९ उजाडले. ती हाती लागली ती रचना मुद्दाम सोपी केलेल्या उत्परिवर्तित जीवाणूमुळे, कारण नैसर्गिक क्लोरोसोम एकसारखा दुसरा सापडत नाही आणि स्फटिक करता येत नाही. या गठ्ठ्याला एक कळही आहे. ऑक्सिजन आला की आतली क्विनोन द्रव्ये ऊर्जा गिळू लागतात आणि पुरवठा बंद होतो. ऑक्सिजन गेला की पुन्हा सुरू. बेडर्ड-पोर्टर यांना ज्याची धास्ती होती तोच सापळा इथे सुरक्षेचा खटका म्हणून बसवलेला आहे.

वनस्पतींनीही असा खटका बसवला आहे, आणि सर्वांत जास्त भांडणे त्यावरच झाली आहेत. भर दुपारी पानावर पडणारा प्रकाश त्याला वापरता येतो त्याच्या कितीतरी पट असतो. जास्तीची ऊर्जा ट्रिप्लेटकडे जाऊ नये म्हणून पान ती उष्णता करून फेकते. शेफील्डच्या पीटर हॉर्टन, अलेक्झांडर रुबान यांच्या गटाने १९९१ मध्ये सुचवले की उन्हात पटलाच्या आतली बाजू आम्ल होते, तेव्हा एलएचसी-२ ची त्रिकुटे एकमेकांना चिकटतात आणि त्या गठ्ठ्यात ऊर्जा विझते. परीक्षानळीत पुरावा चोख होता. साबण काढला की त्रिकुटे चिकटतात आणि चार नॅनोसेकंदांचे आयुष्य काहीशे पिकोसेकंदांवर येते. पण २००५ मध्ये स्फटिकातले एलएचसी-२ सुद्धा विझलेले आढळले, आणि तिथली मांडणी पाहता बदल त्रिकुटाच्या आत होत असावा, चिकटणे हे निमित्त असावे, असा अर्थ लावला गेला. विझवतो कोण यावर तर तीन पक्ष पडले. एकाचे म्हणणे ल्युटीन हे कॅरोटिनॉइड ऊर्जा घेते आणि उष्णता करते, दुसऱ्याचे झियाझँथिन हे दुसरे कॅरोटिनॉइड क्लोरोफिलला इलेक्ट्रॉन देते, तिसऱ्याचे दोन क्लोरोफिलमध्येच भार सरकतो. आम्लतेची जाणीव ठेवणारे पीएसबीएस हे प्रथिन या खटक्याला लागते असे २००० मध्ये बर्कलीत आढळले, तेवढे मात्र सर्वांना मान्य आहे.

माझ्या मते भांडण इतके लांबले याला कारण परीक्षानळीतला गठ्ठा. तो इतका सहज तयार होतो आणि इतका छान विझतो की पानातही तसेच होत असणार असे मानण्याचा मोह होतो. पण साबण काढल्यावर जुळणारी त्रिकुटे आणि जिवंत पटलात, चरबीच्या थरात, शेजारी दुसरी प्रथिने असताना जवळ येणारी त्रिकुटे एकच आहेत याला आधार अपुरा आहे. चिकटणे आणि आतला वळसा या दोन्ही गोष्टी होत असाव्यात, आणि ऊर्जा विझवणारी वाटही परिस्थितीप्रमाणे बदलत असावी. कोणत्याही एकाच यंत्रणेने सारे सुटले असे सांगणारा लेख मी तरी सावधपणेच वाचतो.

ऊर्जेच्या या प्रवासाबाबत झालेला क्वांटम सुसंगतीचा गाजावाजा इथे दोन ओळींत आटोपतो. २००७ मध्ये गंधक जीवाणूंच्या एफएमओ प्रथिनात उणे १९६ सेल्सिअसला दिसलेल्या लहरींवरून झाडे क्वांटम संगणक चालवतात की काय, इथपर्यंत बातम्या गेल्या. २०२० पर्यंत क्षेत्रातल्या बऱ्याच जाणकारांनी मिळून मान्य केले की दीर्घकाळ टिकणाऱ्या त्या लहरी मुख्यतः रेणूंच्या कंपनाच्या होत्या.

खटक्याचे हे ज्ञान शेतापर्यंत पोहोचते का? ऊन गेल्यावर खटका सावकाश उतरतो, तेवढा वेळ सावलीतली ऊर्जा फुकट जाते. तो लवकर उतरावा म्हणून इलिनॉय विद्यापीठातल्या गटाने २०१६ मध्ये तंबाखूत तीन जनुके वाढवून १५ टक्क्यांच्या आसपास जास्त वाढ दाखवली. २०२२ मध्ये सोयाबीनवर तोच प्रयोग झाला आणि काही वाणांत उत्पादन ३३ टक्क्यांपर्यंत वाढल्याचे जाहीर झाले. मराठवाडा-विदर्भातल्या सोयाबीनवाल्यांचे कान टवकारावेत असा हा आकडा. पण तो एका हंगामाचा आहे. पुढच्या हंगामात पीक लवकर आडवे पडले आणि तसा फरक दिसला नाही. मोहरीच्या कुळातल्या अराबिडॉप्सिसमध्येही तीच युक्ती फळली नाही. बियाणे कंपनीने उद्या या नावाखाली काही विकायला आणले, तर आपल्याकडच्या हंगामांतले, आपल्या ढगाळ श्रावणातले आकडे आधी मागावेत.

सर्वांत पुढचे काम सध्या उलट्या बाजूने चालले आहे, म्हणजे गठ्ठा समजून घेण्यापेक्षा तो हवा तसा बांधून पाहण्याचे. डेव्हिड बेकर यांच्या प्रयोगशाळेतून २०२४ मध्ये अशी प्रथिने जाहीर झाली जी निसर्गात कुठेच नाहीत आणि ज्यांत क्लोरोफिलचे दोन रेणू ठरवलेल्या अंतरावर, ठरवलेल्या कोनात बसतात. एका रचनेत त्यांची मांडणी निसर्गातल्या स्पेशल पेअरसारखीच आली, दुसरीत आजवर न पाहिलेली. दोन्ही रेणूंची उत्तेजना एकमेकांत वाटली जाते हेही दिसले. २४ क्लोरोफिलचा एक पिंजराही बांधला गेला, प्रत्येक कडेवर एक जोडी. मात्र या जोड्यांनी प्रकाश घेऊन इलेक्ट्रॉन पुढे दिल्याचे त्यात दाखवलेले नाही, ते काम अजून व्हायचे आहे.